मांजरांना अहो म्हणणारे काका

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत एक काका राहायचे. ते माणसांना अरे-तुरे करायचे आणि मांजरांना अहो-जाहो.

मी तेव्हा पालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत आईबरोबर राहत होते. सकाळी शाळेला निघाले की काका गॅलरीत दात घासत उभे असायचे. "निघालीस बाई?" असं विचारायचे. शिक्षिका म्हणून बाई आणि शेजारीण म्हणून तू. तेवढ्यात कठड्यावरून एखादं मांजर चालत आलं, की तोंडातला ब्रश काढून, अंग चोरून भिंतीला टेकायचे आणि त्याला म्हणायचे, "या, या. जा तुम्ही पुढे." मांजर त्यांच्याकडे न बघता पुढे जायचं. मग काका पुन्हा दात घासायला लागायचे.

एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही म्हणे मिलच्या मॅनेजरलाही अरे म्हणायचात. आणि मांजराला अहो?"

"मॅनेजरला अरे म्हटलं तरी तो कुठे जात नाही," ते म्हणाले. "ह्यांना म्हणून बघ."

चाळीत त्यांना खळवाले काका म्हणत. ते मिलमध्ये सायझिंग खात्यात होते. सूत साच्यावर, म्हणजे मागावर, चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते, पिठाच्या ऊन पेजेसारखी. ती प्यायलेला धागा ताण सोसतो, तुटत नाही. तरुणपणापासून हेच काम केल्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दलचं त्यांचं मत खळीतून यायचं. कुणाचं लग्न मोडलं, तर "खळ कमी पडली." कुणाचा मुलगा फार अभ्यास करायला लागला, तर "जास्त पाजू नका, मोडेल." स्वतःचे पांढरे सदरे ते घरीच खळ घालून वाळवायचे. ते इतके ताठ असत, की काका वळले तरी सदरा जरा उशिराने वळतो, असं चाळीतल्या बायका म्हणत. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं," आणि ते असं म्हणायचे, की जणू छत्री कुठे राहून गेली आहे.

आणखी एक सवय होती. रात्री पडलेली स्वप्नं ते सकाळी बातमीसारखी सांगायचे. "काल मिलच्या चिमणीतून पाणी येत होतं. निळं. सगळी खाली कळशा घेऊन उभी होती, तुझी आईपण होती," असं सांगून चहा प्यायचे. हे स्वप्न आहे असं कधी म्हणत नसत. आणि खरं घडलेलंही त्याच संथ आवाजात सांगत. त्यामुळे खरं कुठे संपलं आणि स्वप्न कुठे सुरू झालं, ती रेघ ऐकणाऱ्याने आपली आपण मारून घ्यायची. सुरुवातीला मी मारायचे. पुढे पुढे सोडून दिलं.

मिलमध्ये मांजरं पहिल्यापासून होती. खळीच्या पिठाला उंदीर यायचे, आणि उंदरांपाठोपाठ मांजरं. ती कुणी पाळलेली नव्हती. कामगारांसारखीच कुठून कुठून येऊन खात्याला लागली होती आणि जेवणाच्या सुटीत डब्यांभोवती बसायची. मग संप झाला. भोंगा थांबला, खाती बंद झाली. निम्मी चाळ कोकणात आपापल्या गावी निघून गेली. उंदीर शहाणे, ते पहिल्या महिन्यातच भिंत ओलांडून आमच्या चाळीत राहायला आले. मांजरं मात्र आतच राहिली. कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर जागेला.

काका गावी गेले नाहीत. लालबागच्या मासळी बाजारात एका कोळणीशी त्यांनी संधान बांधलं होतं. ती त्यांच्यासाठी बांगड्यांची डोकी, कोळंबीची सालं बाजूला काढून ठेवायची. ते भातात शिजवायचे आणि दुपार कलली की पिशवी घेऊन मिलच्या मागच्या दाराशी जायचे. तिथला वॉचमन ओळखीचा होता, तो आत सोडायचा.

त्या दिवसांत संपकऱ्यांपैकी कुणी मिलच्या दारातून आत जाणं म्हणजे काय होतं, हे आज सांगून कळायचं नाही. फितूर हा शब्द तेव्हा शिवीपेक्षा वाईट होता. एक दिवस मी शाळेतून येत असताना मागच्या गल्लीत पाचसहा तरुण कामगारांनी काकांना घेरलेलं दिसलं. मी तिथेच थबकले.

"काय काका, कुठं?" त्यातला एक दाढीवाला विचारत होता.

"आत."

"आत काय काम काढलंय?"

"जेवायला घालायचंय."

"कुणाला? कोण कोण गेलंय कामावर? नावं सांगा."

त्याने पिशवी हिसकावली, आत हात घातला आणि बांगड्याचं डोकं हाताला लागल्यावर तसाच बाहेर काढला.

"संपावर मी आहे," काका म्हणाले. "त्यांना कुणी विचारलं?"

कुणीतरी हसलं. दाढीवाला हसला नाही. त्याने हात पँटला पुसला, पिशवी परत दिली आणि जरा थांबून हळूच म्हणाला, "आमच्या साचाखात्यात एक पांढरी होती. एक डोळा निळा. ती हाय का?"

"आहे. पिल्लं झाली तिला."

"किती?"

"तीन. तुझ्याच साच्याखाली आहेत बहुतेक. खिडकीकडून दुसरा ना तुझा?"

तो पोरगा मान खाली घालून उभा राहिला. मग सगळे बाजूला झाले. पुढे काकांना कुणीच अडवलं नाही.

तो संप संपला कधी, हे आमच्याकडे कुणालाच सांगता येत नाही. तो विरत गेला. मिल उघडलीच नाही. काकांना गिरगावातल्या एका लाँड्रीत काम मिळालं, कपड्यांना खळ घालायचं. "सुताचं कापड झालं, एवढाच फरक," ते म्हणाले. लाँड्रीतून परतताना ते मिलमध्ये जात आणि अंधार पडायच्या आत घरी येत. अंगाला कापसाचा आणि मासळीचा वास यायचा.

काही वर्षांनी त्यांचे पाय सुजायला लागले, मग चेहरा. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. त्यांना एक थोरली बहीण होती, सगळे तिला आक्काच म्हणायचे. विधवा होती, लालबागला दोन खोल्यांत खाणावळ चालवायची. संपानंतर जेवणारेच उरले नाहीत, तेव्हा मोठी पातेली विकून ती भावाकडे राहायला आली होती. बोलायला तिखट, अस्सल मालवणी, आणि मांजराचं नाव काढलं की अंगावर यायची. तिची किडनी भावाला जुळली. देण्याआधी डॉक्टरांनी तिला विचारलं, आजी, नीट विचार केलाय ना. ती म्हणाली, "दोन असत. एक देवची. तेच्यात इचार कसलो?"

ऑपरेशन नीट झालं. मात्र शरीर परक्याचं काही ठेवून घ्यायला तयार नसतं. म्हणून काकांना जन्मभर गोळ्या घ्यायच्या होत्या. शरीराची राखण झोपवून ठेवणाऱ्या गोळ्या, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. राखण झोपली की बहिणीची किडनी सुखाने नांदणार, पण मग बारीकसारीक चोरही घरात शिरणार. तेव्हा गर्दी नको, शिळंपाकं नको, जनावरं नकोत.

आक्काने त्यांना समोर बसवलं. "माजी वस्तू तुझ्याकडे ठेवलंय," ती म्हणाली. "संबाळ. मिलात मांजरांकडे जावचा नाय."

"बरं," काका म्हणाले.

काही महिने ते गेले नाहीत. मग जायला लागले. चाळीत बऱ्याच जणांना ते ठाऊक होतं, पण आक्काला सांगायची कुणाची छाती नव्हती.

पहिला दाणा त्यांच्या मनगटाच्या वर उठला. लाल, चकचकीत, अगदी डाळिंबाच्या दाण्यासारखा. उष्णतेचा फोड म्हणून आक्काने चंदन लावलं. मग मानेवर एक, कानामागे एक, छातीवर दोनतीन. दुखत नव्हते, पण जरा धक्का लागला की त्यातून रक्त यायचं आणि थांबता थांबायचं नाही. खळीची कॉलर मानेवर घासायची आणि पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर लाल ठिपके उमटायचे. संध्याकाळी बारीक ताप यायचा. काका वाळत चालले. सदरे मात्र पहिल्यासारखेच रुंद आणि ताठ, त्यामुळे ते सदऱ्याच्या आत उभे आहेत असं वाटायचं.

लाँड्रीच्या मालकाने घरी राहायला सांगितलं. चाळीत कुणी म्हणालं महारोग, कुणी म्हणालं हा तो नवा रोग, ज्याचं नाव तेव्हा लोक कुजबुजत घ्यायचे. नळावर बायका बादल्या ओढून घ्यायला लागल्या. जिन्यात काका समोरून आले की लोक भिंतीला टेकायचे आणि म्हणायचे, "या, काका, जा तुम्ही पुढे."

"बघ बाई," काका मला म्हणाले, "आता मी मांजर झालो."

परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्वचेच्या विभागात आम्ही त्यांना नेलं. मी सुटी काढून गेले होते, कारण डॉक्टर इंग्रजीत काही बोलले तर आक्काला कुणीतरी सांगायला हवं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील, सडसडीत, फार हळू बोलायच्या. एक वाक्य बोलायच्या आणि पुढचं बोलायच्या आधी समोरच्याला समजलं का हे त्याच्या डोळ्यांत बघायच्या. त्यांनी सगळं विचारलं. गाव कुठलं, काम काय, समुद्राच्या पाण्यात जाता का, झाडांच्या कुंड्या आहेत का, घरात जनावर आहे का, मांजर, कुत्रा, पक्षी.

"घरात नाही," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताच्या पंख्याकडे बघत होते. मी काही म्हणणार तोच आक्का ठणकावून म्हणाली, "मांजराचा नख दिसूचा नाय आमच्या घरात," आणि डॉक्टरीणबाईंनी पुढचा प्रश्न विचारला. नंतर बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "काका, सांगायला हवं होतं." ते म्हणाले, "मग ते लोक गाडी घेऊन येतील आणि सगळ्यांना घेऊन जातील. पालिकेचं इस्पितळ आहे, पालिकेचीच गाडी आहे."

एका दाण्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, तेव्हा बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. तुकड्यात रक्तवाहिन्यांची वेडीवाकडी वाढ दिसत होती. बहुधा एक प्रकारचा कॅन्सर असावा, राखण झोपलेल्या माणसांना होतो तसा. उपाय एकच, झोपवणाऱ्या गोळ्या कमी करायच्या, हळूहळू बंद करायच्या. राखण जागी झाली की कदाचित तीच हे दाणे खाऊन टाकेल.

"आणि आक्कांची किडनी?" मी विचारलं.

बाईंनी मान हलवली. "राखण जागी झाली की तीही जाईल."

मी आक्काला सांगायला वळले, पण तिला कळलं होतं. तिने पदर सारखा केला. "जावंदेत," ती म्हणाली. "किडनी जावंदेत. माजो भाव रवाक व्हयो."

काका बराच वेळ आक्काच्या हातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "डॉक्टर, तू मला मांजरांचं विचारलं होतंस."

बाईंनी मान वर केली.

"घरात नाहीत, हे खरं आहे. मिलमध्ये आहेत. मिल बंद आहे. साचे तसेच उभे आहेत, त्यांच्यावर कापूस बसलाय, बर्फासारखा. वरच्या काचांतून ऊन उतरतं, तिरकं, आणि त्या उन्हात चाळीसेक जण बसलेले असतात. माझी वाट बघत. मी रोज जातो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात एकदम मऊपणा आला. "ह्यांना संध्याकाळी ताप येतो ना? तापात असं बोलतात का?"

"ताप येतो," मी म्हटलं. "पण हे खरं आहे. मिल आमच्या चाळीच्या मागे आहे. मांजरंही आहेत."

बाई खुर्ची सरकवून पुढे आल्या. "ओरबाडतात?"

काकांनी सदऱ्याची बाही वर केली. कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा होत्या, जुन्या, आणि त्यांच्यावर लालसर, ताज्या. "पिल्लं ओरबाडतात," ते म्हणाले. "मोठी समजूतदार आहेत."

"पिसवा?"

"असणारच. त्यांना कोण न्हाऊ घालतंय?"

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या की गोळ्या अजून कमी करायच्या नाहीत, काहीच करायचं नाही, मला थोडे दिवस द्या. तोच तुकडा त्यांना पुन्हा तपासून घ्यायचा होता, वेगळ्या पद्धतीने रंगवून. चांदीचा क्षार घालून रंगवतात, असं त्या म्हणाल्या.

आक्का त्या दिवसापासून भावाशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, गोळ्या हातावर ठेवायची, पाणी पुढे करायची. शब्द नाही. गॅलरीकडची दारं उघडी असल्यामुळे त्यांच्या घरातली शांतता आमच्याकडे ऐकू यायची. काका गॅलरीत बसून मिलकडे बघायचे. मिलमध्ये जाणं त्यांनी थांबवलं होतं, कुणी न सांगता. एकदा मला म्हणाले, "काल आक्का खाणावळीत होती. मी जेवायला गेलो तर मला म्हणाली, तुझं नाव नाही." मी त्याला रेघ मारली नाही.

पुढच्या वेळी बाई आम्हाला थेट तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. काकांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. ते एक डोळा मिटून वाकले.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"पिवळी जमीन आहे. तिच्यावर काळे पुंजके. पीठ नीट न हलवता ओतलं की राहतात तशा गुठळ्या."

"ते जंतू आहेत," बाई म्हणाल्या. "मांजरांच्या रक्तात असतात. मांजराला काही होत नाही. एका मांजराकडून दुसऱ्याकडे पिसवा नेतात, नखांना लागतात, ओरखड्यातून माणसात येतात. धडधाकट माणूस असता तर काखेत एखादी गाठ, चार दिवस ताप, संपलं. तुमची राखण झोपलेली. त्यांनी आत येऊन रक्तवाहिन्यांनाच वाढायला लावलं. क्वचित होतो हा आजार. मी पुस्तकात वाचला होता, माणसात पाहिला नव्हता."

"म्हणजे कॅन्सर नाही?" मी विचारलं.

"नाही. साध्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आहेत, कुठल्याही केमिस्टकडे मिळतात. काही महिने घ्याव्या लागतील. आणि किडनीच्या गोळ्या आहेत तशाच चालू राहतील." हे शेवटचं वाक्य त्या आक्काकडे बघून म्हणाल्या. आक्का भिंतीशी खाली बसली. कुणीतरी स्टूल आणलं, पण तिला ते नको होतं. ती जमिनीवरच बसली, गुडघ्यांना मिठी घालून.

पहिल्या गोळ्यांनी ताप उतरण्याआधी चढेल, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. तसाच चढला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर काका अंथरुणावर लाल होऊन पडले होते आणि आक्का कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. खोलीत उन्हाची एक पट्टी पडली होती. काकांचे डोळे उघडे होते, पण ते दुसरीकडे कुठेतरी बघत होते.

"साचे चालू झालेत," ते म्हणाले. "आवाज नाही. कापूस नुसता वरून पडतोय. आणि हे सगळे साच्यांवर बसलेत, धावत्या धोट्याबरोबर माना हलवतायत. इकडे, तिकडे. आक्का, भोंगा झाला. ह्यांना वाढ."

आक्काचा हात थांबला. इतक्या दिवसांत ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

"वाढतंय," ती म्हणाली. "झोप तू."

काकांनी डोळे मिटले. संध्याकाळपर्यंत ताप उतरला.

दोन दिवसांनी आक्का आमच्या दारात उभी. हातात पिशवी, पायात चपला. "माका मिलाकडे घेवन चल," ती मला म्हणाली.

"आक्का, तुम्ही?"

"वाढतंय म्हटलंय गो मी तेका. म्हटला ता म्हटला."

वॉचमनने दार उघडलं. मी मिलच्या इतकी जवळ राहून आत कधी गेले नव्हते. आत पाय ठेवल्याबरोबर बाहेरचा रस्ता ऐकू येईनासा झाला. साच्यांच्या रांगा दूरवर गेलेल्या, त्यांच्यावर कापसाचा थर, आणि करवतीच्या दातांसारख्या छताच्या काचांतून उतरलेलं दुधी ऊन. एका साच्यावर अर्धं विणलेलं कापड तसंच होतं, तिथे विणणारा मध्येच उठून गेला असावा. काकांनी सांगितलेलं सगळं तसंच्या तसं होतं. मला वाटलं, आपण त्यांच्या एखाद्या सकाळच्या बातमीतच आलोय.

आधी एकही मांजर दिसलं नाही. मग एकेक दिसायला लागलं. साच्याखालून, खांबामागून, सुताच्या टोपल्यांतून. ती जवळ आली नाहीत, जिथल्या तिथे बसून आमच्याकडे बघत राहिली. इतके दिवस कुणी आलं नव्हतं. काही फार वाळली होती.

आक्का मध्ये उभी राहिली. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. पण तिने नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. पंगत बसल्यावर वाढणारी बाई फिरवते ना, तशी. कोण भुकेलं आहे, कोण म्हातारं आहे, कुणाला आधी वाढायला हवं. मग ती वाकली आणि पिशवी सोडायला लागली.

"तो येवचो नाय आता," ती त्यांना म्हणाली. "तेका बरा नाय. वायच थांबा, वाढतंय."

तिने कुणालाच हात लावला नाही, कुणाला जवळही बोलावलं नाही. पुढे कित्येक वर्षं ती रोज गेली, पण एकाही मांजराला तिने कधी कुरवाळलं नाही. मांजरं तिला आवडत नव्हतीच.

काकांचे दाणे आधी काळवंडले, मग सुकले, आणि शेवटी तपकिरी डाग राहिले. बाईंनी त्यांना विभागातल्या सगळ्या शिकाऊ डॉक्टरांपुढे उभं केलं. काका ठेवणीतला सदरा घालून गेले आणि त्या सगळ्यांना अरे-तुरे करून आले. चाळीत जिन्यातल्या लोकांनी भिंतीला टेकणं सोडलं. लाँड्रीतून बोलावणं आलं. किडनी जागच्या जागी राहिली. मांजरांना मात्र पुन्हा भेटायचं नाही, असं बाईंनी बजावलं, आणि या वेळी काकांनी ते पाळलं. आक्का मिलमधून आली की हात साबणाने कोपरापर्यंत धुवायची आणि मगच त्यांच्या खोलीत पाऊल टाकायची. मग गॅलरीत बसून काका एकेकाची चौकशी करायचे. कोण आलं होतं, कोण नाही, पिल्लांनी डोळे उघडले का. आक्का खाणावळवाली. कुणी किती खाल्लं, कुणी टाकलं, कुणी दुसऱ्याच्या पुढ्यातलं ओढलं, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. ती सांगायची आणि काका डोळे मिटून ऐकायचे.

पुढे माझं लग्न झालं आणि मी दादरला गेले. मिलची जमीन विकली गेली. साचे भंगारात गेले, छत उतरवलं, चिमणी पाडली. मांजरं पांगली. काही चाळीत आली, काही बाजारात, काही कुठे गेली कुणास ठाऊक. तिथे पत्रे ठोकून उंच इमारतीचं काम सुरू झालं.

एकदा संध्याकाळी आईला भेटायला गेले होते. काका आणि आक्का गॅलरीत बसले होते, दोघंही पिकलेले. समोर, जिथे चिमणी दिसायची तिथे, क्रेन हळूहळू फिरत होती.

"आज सायझिंगात कोण होतं?" काकांनी विचारलं.

"तो कानफाटो बोको," आक्का म्हणाली. "आनि ती तांबडी, पिल्लांक घेवन."

"जेवली?"

"तांबडी जेवली. बोको अर्धा टाकून गेलो."

"ऊन असेल. त्यांना ऊन लागतं काचांतून. सावलीत वाढत जा."

"बरा," आक्का म्हणाली.

मी निघाले तेव्हा आक्का जिन्यापर्यंत सोडायला आली. मी हळूच म्हटलं, "आक्का, मिल तर केव्हाच..."

"माका काय दिसणा नाय?" ती म्हणाली. "तेकाव दिसता. गॅलरीत बसान दिवसभर ताच तर बघता." तिने माझ्या हातातली पिशवी नीट केली. "तो इचारता. मी सांगतंय."

आतून काकांनी हाक मारली. पिल्लं रात्री कुठे निजतात, ते विचारायचं राहिलं होतं. आक्का सांगायला आत गेली.